‘युरोपने ठरवलं’ म्हणजे नेमकं कोणी ठरवलं? अधिराष्ट्रीय संस्थांच्या कारभाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘युरोपने सगळ्या फोनना एकच चार्जर सक्तीचा केला’, ‘युरोपने रशियावरचे निर्बंध वाढवले’, ‘युरोपने हंगेरीचा निधी रोखला’. तिन्ही बातम्या खऱ्या आहेत, पण तिन्ही निर्णयांचे नियम वेगळे होते. निर्बंधांच्या वेळी एकाही देशाने विरोध केला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. चार्जरच्या वेळी एकटा देश काहीच अडवू शकत नव्हता. हा फरक बातमीत क्वचितच येतो. खरी मेख मात्र तिथेच असते, म्हणून पुढची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः युरोपीय संघाची आहेत, कारण अधिराष्ट्रीय कारभार इतका पुढे दुसऱ्या कुणीही नेलेला नाही.

अधिराष्ट्रीय संस्था म्हणजे काय? संयुक्त राष्ट्रसंघ त्यात बसतो का?

देश एकत्र येऊन चर्चा करतात, करार करतात आणि ज्याला पटेल तो सही करतो. हा झाला आंतरशासकीय प्रकार. अधिराष्ट्रीय संस्थेत देश त्याच्या एक पायरी पुढे जातात. ठरावीक विषयांत बहुमताने निर्णय होईल, तो विरोधात मत दिलेल्यांनाही लागू होईल आणि त्यावरून वाद झाला तर सामाईक न्यायालयाचा शब्द अखेरचा असेल, हे ते करारात लिहून देतात. एकट्याने ‘नाही’ म्हणून सगळं थांबवायचा हक्क ते त्या विषयांपुरता सोडतात.

या कसोटीवर संयुक्त राष्ट्रसंघ बहुतांशी आंतरशासकीयच ठरतो. आमसभेत १९३ देश आहेत, पण तिचे ठराव साधारणपणे शिफारशीच्या स्वरूपाचे असतात. अपवाद सुरक्षा परिषदेचा. सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली घेतलेले तिचे निर्णय सगळ्यांना बंधनकारक असतात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पण कुठलाही देश असा हक्क सोडेल कशाला?

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी एक प्रस्ताव मांडला. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचं कोळसा आणि पोलाद उत्पादन एका सामाईक उच्चाधिकार मंडळाखाली आणायचं आणि इतर देशांनाही त्यात येऊ द्यायचं. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. तोफा आणि रणगाडे पोलादाचे बनतात आणि पोलादाला कोळसा लागतो. ही दोन्ही खाती सामाईक झाली तर एका देशाला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप युद्धाची तयारी करता येणार नाही, हा त्यामागचा रोखठोक विचार. १९५१ साली पॅरिसमध्ये सहा देशांनी करारावर सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. १९५७च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठेचा पाया घातला, १९९२च्या मास्त्रिख्ट कराराने ‘युरोपीय संघ’ हे नाव दिलं आणि आजची कार्यपद्धती मुख्यतः १ डिसेंबर २००९पासून लागू झालेल्या लिस्बन करारातून आली.

प्रत्येक टप्प्यावर देशांनी हिशेब मांडलाच होता. दुसऱ्याचा अडथळा दूर व्हावा असं वाटत असेल, तर अडथळा आणण्याचा आपला हक्कही सोडावा लागतो. बाजारपेठेच्या बाबतीत हा व्यवहार फायद्याचा वाटला. परराष्ट्र धोरण आणि करांच्या बाबतीत तो आजही अनेकांना तसा वाटत नाही.

आयोग, परिषद, संसद… यातलं सरकार कोणतं?

नेहमीच्या अर्थाने कोणतंच नाही.

ब्रसेल्समधला युरोपीय आयोग कायद्याचे मसुदे लिहितो आणि कायदे पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवतो. २७ देशांचा प्रत्येकी एक आयुक्त, पण पदावर आल्यावर त्याने आपल्या देशाची बाजू लढवायची नाही, अशी शपथ असते. युरोपीय संसदेत २०२४च्या निवडणुकीपासून ७२० खासदार आहेत. ते थेट लोकांमधून निवडून येतात आणि देशानुसार न बसता राजकीय गटांनुसार बसतात. मंत्रिपरिषदेत सदस्य देशांचे मंत्री असतात. विषय शेतीचा असेल तर २७ शेतीमंत्री, अर्थकारणाचा असेल तर २७ अर्थमंत्री. तिचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे जातं.

या सगळ्यांच्या वर ‘युरोपीय परिषद’ आहे, म्हणजे देशांच्या प्रमुखांची शिखर बैठक. ती कायदे करत नाही, दिशा ठरवते आणि अडलेले तंटे सोडवते. डिसेंबर २०२४पासून पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोस्टा तिचे अध्यक्ष आहेत. नावं इतकी सारखी आहेत की बातम्यांमध्ये मंत्रिपरिषद आणि शिखर परिषद यांची सर्रास अदलाबदल होते. स्ट्रासबुर्गमधली ‘काउन्सिल ऑफ युरोप’ ही तर पूर्णपणे वेगळी, १९४९ सालची, ४६ देशांची संघटना. युरोपीय मानवाधिकार न्यायालय तिचं आहे, युरोपीय संघाचं नाही.

एखादा कायदा प्रत्यक्षात कसा होतो?

चार्जरचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळे टप्पे स्वच्छ दिसतात.

फोन कंपन्यांनी आपणहून एकाच प्रकारच्या चार्जरवर यावं यासाठी आयोगाने २००९मध्ये त्यांच्याशी समझोता केला होता. चार्जरचे प्रकार तिसाच्या आसपास होते ते तीनवर आले, पण एकावर आले नाहीत. जानेवारी २०२०मध्ये संसदेने मोठ्या बहुमताने ठराव करून सक्तीची मागणी केली. मात्र संसदेला स्वतः कायद्याचा मसुदा मांडता येत नाही. जवळपास सगळ्या विषयांत तो अधिकार फक्त आयोगाकडे आहे. आयोगाने मसुदा आणला २३ सप्टेंबर २०२१ला. त्यात फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर आणि हातात धरून खेळायची गेमिंग यंत्रं होती.

तिथून तो मसुदा दोन दिशांना गेला. संसदेत तो अंतर्गत बाजारपेठ समितीकडे आला आणि माल्टाचे खासदार अलेक्स अजियस सलिबा त्याचे प्रतिवेदक झाले. प्रतिवेदक म्हणजे त्या फाइलची जबाबदारी घेऊन सगळ्या गटांशी बोलणारा, उपसूचना जमवणारा आणि संसदेच्या वतीने वाटाघाटीला बसणारा खासदार. सर्वात लहान देशातून निवडून आलेल्या माणसाच्या हाती बड्या कंपन्यांना वाकवणारी फाइल असू शकते, हे मला या व्यवस्थेत फार मोलाचं वाटतं. संसदेने यादी वाढवली आणि लॅपटॉपचा आग्रह धरला.

दुसरीकडे मंत्रिपरिषदेत तो मसुदा आधी सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांच्या कार्यगटापुढे गेला. असे दीडशेहून अधिक कार्यगट ब्रसेल्समध्ये असतात आणि मसुद्यातलं कलम न् कलम तिथेच चाळून निघतं. तिथे सुटलं नाही ते देशांच्या राजदूतांच्या समितीकडे येतं. तिला ‘कोरेपेर’ म्हणतात. राजदूतांचं एकमत झालं की मंत्र्यांपुढे तो विषय चर्चेशिवाय मंजुरीसाठी ठेवला जातो, आणि अशी मंजुरी कुठल्याही खात्याच्या मंत्र्यांची बैठक देऊ शकते. शेतीमंत्र्यांच्या बैठकीत बँकांविषयीच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं तरी त्यात नियमबाह्य काही नसतं. ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं.

मग संसद आणि मंत्रिपरिषद यांची वाटाघाट. ७ जून २०२२ला तोडगा निघाला. संसदेला लॅपटॉप मिळाले, पण त्यांच्यासाठी मुदत वाढवून दिली गेली. ४ ऑक्टोबरला संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी, ८ जण तटस्थ असताना, मजकूर मंजूर केला. २४ ऑक्टोबरला परिषदेने होकार दिला. फोन आणि इतर यंत्रांना नियम लागू झाला २८ डिसेंबर २०२४ला, लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. ॲपलने तोवर थांबायचं टाळलं आणि सप्टेंबर २०२३मध्येच यूएसबी-सी असलेला आयफोन १५ आणला.

संसद आणि परिषद यांची ही वाटाघाट कुठे होते? ती लोकांना पाहता येते का?

नाही, आणि या व्यवस्थेवरचा माझा सर्वात मोठा आक्षेप हाच आहे.

या बैठकांना ‘ट्रायलॉग’ म्हणतात. संसदेचे प्रतिवेदक आणि इतर गटांचे प्रतिनिधी, परिषदेचं अध्यक्षपद असलेल्या देशाचे अधिकारी आणि आयोगाची माणसं बंद खोलीत बसतात. समोर चार रकान्यांचा तक्ता असतो. पहिल्यात आयोगाचा मजकूर, दुसऱ्यात संसदेचा, तिसऱ्यात परिषदेचा. चौथा रकाना सुरुवातीला बराचसा कोरा असतो आणि बैठकागणिक भरत जातो. तो भरला की कायदा तयार. मागाहून होणारं जाहीर मतदान बहुधा त्यावर मोहोर उमटवण्यापुरतंच उरतं.

करारात या बैठकांचा उल्लेखही नाही. तिथे तीन वाचनांची लांबलचक पद्धत दिली आहे. पण ट्रायलॉगमुळे बहुतेक कायदे पहिल्याच वाचनात मंजूर होतात, म्हणून सगळ्यांनाच ते सोयीचे वाटतात. पण कोणत्या कलमावर कोणी माघार घेतली हे मतदाराला कळत नसेल, तर तो जाब कोणाला विचारणार? २०१८मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने निकाल दिला की वाटाघाटी चालू असतानाही चौथ्या रकान्यातला मजकूर मागितल्यास देण्यास सरसकट नकार देता येणार नाही. मागायचा तर अर्ज करायला हवा, म्हणजे अशी बैठक आहे हे आधी ठाऊक हवं. ही कागदपत्रं न मागता प्रसिद्ध व्हायला हवीत.

मंत्रिपरिषदेत मतं कशी मोजतात?

‘पात्र बहुमत’ लागतं आणि त्याच्या दोन अटी आहेत. किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, बाजूने हवेत. शिवाय त्या देशांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. पहिल्या अटीने लहान देशांना वजन मिळतं, दुसरीने मोठ्यांना.

अडवण्याचाही नियम आहे. जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांची लोकसंख्या मिळून ३५ टक्क्यांच्या बरीच वर जाते, पण या तिघांनी हात मिळवला तरी प्रस्ताव पडत नाही. अडवणाऱ्या गटात किमान चार देश लागतात. आणखी एक गोष्ट बातमीदारही विसरतात: पात्र बहुमताच्या मोजणीत तटस्थ राहणं आणि विरोधात मत देणं यांचा परिणाम सारखाच, कारण बाजूच्या मतांमध्ये भर पडत नाही. एकमताच्या विषयांत उलट. तिथे तटस्थ राहिल्याने प्रस्ताव अडत नाही.

१७ जून २०२४ रोजी लक्झेंबर्गमध्ये पर्यावरणमंत्र्यांची बैठक होती. निसर्ग पुनर्स्थापना कायदा महिनोन् महिने रखडला होता, कारण ६५ टक्क्यांचा आकडा थोडक्यात हुकत होता. ऑस्ट्रियाच्या मंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी आपल्याच चान्सलरचा विरोध डावलून बाजूने मत दिलं. २० देश, ६६ टक्क्यांच्या जरा वर लोकसंख्या, कायदा मंजूर. सहा देश विरोधात, बेल्जियम तटस्थ. ऑस्ट्रियात आघाडी सरकार हादरलं, न्यायालयात जायची भाषा झाली, पण कायदा उभा राहिला. ऑस्ट्रियाची लोकसंख्या संघाच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. काट्यावरच्या मतदानात तेवढीही पुरते.

असे प्रसंग मात्र विरळा. बहुतेकदा सगळ्यांना सामावून घेईपर्यंत मजकूर फिरवला जातो आणि हात वर करायची वेळ येत नाही. बहुमत जमतंय हे कळलं की विरोधकही ताणून धरत नाहीत. हातात असलेल्या मताच्या बदल्यात एखादी सवलत पदरात पाडून घेणं त्यांना परवडतं.

मग नकाराधिकार शिल्लक कुठे आहे?

परराष्ट्र धोरण, करआकारणी, नव्या सदस्यांचा प्रवेश, सात वर्षांची अर्थसंकल्पीय चौकट आणि करारातले बदल. या विषयांत एकमत लागतं आणि घोडं पेंड खातं ते इथेच. रशियावरचे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी नव्याने मान्य करावे लागले आहेत. म्हणजे वर्षातून दोनदा प्रत्येक देशाच्या हाती सौदा करायची संधी येत राहिली.

१४ डिसेंबर २०२३ची शिखर बैठक पाहा. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही, हा विषय होता. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा उघड विरोध होता. जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी त्यांना सुचवलं की निर्णयाच्या वेळी त्यांनी दालनाबाहेर जावं. ओर्बान बाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी एकमताने होकार दिला. ओर्बान यांना मायदेशी सांगता आलं की मी होकार दिला नाही, इतरांना निर्णय मिळाला. त्याच रात्री युक्रेनला ५० अब्ज युरो देण्याचा प्रस्ताव मात्र त्यांनी अडवला. तो १ फेब्रुवारी २०२४ला मंजूर झाला.

कधी अडवणारा देशही नसतो. कॅनडाशी झालेला व्यापार करार ऑक्टोबर २०१६मध्ये बेल्जियमच्या वालोनिया या प्रदेशामुळे लटकला. बेल्जियमच्या राज्यघटनेनुसार प्रदेशांची संमती असल्याशिवाय केंद्र सरकारला सही करता येत नव्हती आणि करार सर्व देशांच्या सह्यांचा होता. बरीच ओढाताण झाल्यावर ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या.

बहुमताचा नियम असूनही सगळे एकमतासाठी इतके का झटतात?

त्याला १९६५चा इतिहास आहे. शेती धोरणाचा खर्च आणि येऊ घातलेलं बहुमताचं मतदान यांवरून अध्यक्ष शार्ल द गोल यांनी फ्रान्सच्या प्रतिनिधींना बैठकांमधून काढून घेतलं. सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली. जानेवारी १९६६मध्ये लक्झेंबर्गला समझोता झाला: एखाद्या देशाचं अत्यंत महत्त्वाचं हित गुंतलेलं असेल तर सगळ्यांना मान्य होईल असा तोडगा शोधत राहायचं. त्याला कायद्याचं बळ नव्हतं, तरी पुढे जवळजवळ वीस वर्षं मतदानाचं नाव काढायला सगळे कचरत होते. १९८६च्या ‘एकल युरोपीय कायदा’ नावाच्या कराराने सामाईक बाजारपेठ पूर्ण करण्यासाठी बहुमताची व्याप्ती वाढवली आणि गाडं पुढे सरकलं. एकमताची सवय आजही पुरती गेलेली नाही.

या संस्थांकडे ना स्वतःचं सैन्य, ना घरात शिरणारा पोलीस. मग देश ऐकतात कशाला?

मुख्यतः देशांची स्वतःची न्यायालयं युरोपीय कायदा लागू करतात म्हणून. १९६०च्या दशकात लक्झेंबर्गमधल्या सामाईक युरोपीय न्यायालयाने दोन निकालांत याचा पाया घातला. १९६३च्या निकालात म्हटलं की कराराने नागरिकांना थेट हक्क मिळतात आणि ते देशातल्या कोर्टात मागता येतात. दुसरा खटला इटलीचा. वीज उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून मिलानमधल्या एका वकिलाने किरकोळ रकमेचं विजेचं बिल भरायला नकार दिला आणि प्रकरण लक्झेंबर्गपर्यंत गेलं. १९६४मध्ये न्यायालयाने सांगितलं की युरोपीय कायदा आणि देशाचा कायदा यांत विसंगती आली तर युरोपीय कायदा वरचढ. हे वाक्य करारात तेव्हा नव्हतं, आजच्या करारांच्या कलमांतही नाही. न्यायाधीशांनी ते कराराच्या हेतूतून काढलं.

आयोगही सरकारांवर थेट खटला भरू शकतो. न्यायाधीशांच्या शिस्तपालन व्यवस्थेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१मध्ये पोलंडला दररोज १० लाख युरो दंड लागला. पोलंडने तो भरला नाही, तेव्हा आयोगाने पोलंडला देय असलेल्या निधीतून रक्कम वळती केली. जून २०२४मध्ये आश्रयविषयक नियम न पाळल्याबद्दल हंगेरीला २० कोटी युरो आणि शिवाय दररोज १० लाख युरो असा दंड झाला. पैशाची ही वेसण अलीकडे जास्त वापरली जाते. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे ब्रसेल्सने बऱ्याच वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर ओळखलं. डिसेंबर २०२२मध्ये हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखले गेले ते ‘कायद्याचं राज्य पाळलं तरच निधी’ या नव्या अटीच्या यंत्रणेखाली, आणि त्या निर्णयाला पात्र बहुमत पुरलं. एकमत लागलं असतं तर तो झालाच नसता.

वरचढपणाचा वाद मात्र मिटलेला नाही. मे २०२०मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीसंदर्भात लक्झेंबर्गचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही असं म्हटलं. ते प्रकरण शेवटी वाटाघाटीने निवळलं. तत्त्वाचा प्रश्न तसाच आहे.

न निवडलेले अधिकारी निवडून आलेल्या सरकारांवर राज्य करतात, ही टीका खरी आहे का?

अर्धी खरी आहे. आयोगाच्या अध्यक्षाचं नाव शिखर परिषद सुचवते आणि संसद त्यावर मतदान करते. २०१९मध्ये उर्सुला फॉन डेअर लायन यांना ३७४ मतांची गरज होती, मिळाली ३८३. जुलै २०२४मध्ये दुसऱ्या खेपेला ४०१ मिळाली. आयुक्तांच्या संसदीय समित्यांपुढे मुलाखती होतात आणि त्या नावापुरत्या नसतात. २०१९मध्ये फ्रान्सच्या उमेदवार सिल्वी गुलार यांना खासदारांनी नाकारलं. मार्च १९९९मध्ये गैरव्यवहारांवरच्या स्वतंत्र अहवालानंतर झाक सांतेर यांचा अख्खा आयोग पायउतार झाला.

तरीही २०१९मध्ये जे घडलं त्याचं समर्थन करणं मला जमत नाही. राजकीय गटांनी प्रचारात आयोगाच्या अध्यक्षपदासाठी आपापले उमेदवार पुढे केले होते आणि सर्वात मोठ्या गटाचे उमेदवार होते मानफ्रेड वेबर. मतदान झालं, आणि देशांच्या प्रमुखांनी प्रचारात कुठेही नसलेलं फॉन डेअर लायन यांचं नाव पुढे केलं. ते करारात बसतं. मतदाराला मात्र आपण नेमकी कशाची निवड केली हे समजलं नाही.

टीकेची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ब्रसेल्सने लादलं’ असं जे मंत्री घरी येऊन म्हणतात, त्यांच्यापैकी अनेकांनी त्या मजकुराला ब्रसेल्समध्ये होकार दिलेला असतो. डेन्मार्कने यावर चांगली तोड काढली आहे. तिथे महत्त्वाच्या विषयांवर मंत्री बैठकीला जाण्याआधी संसदेच्या युरोपविषयक समितीकडून अधिकृत मुभा घेतो. परत आल्यावर त्याला हात झटकता येत नाहीत.

पैसा कुठून येतो?

वार्षिक अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकत्रित राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण एक टक्का असतो. सर्वात मोठा वाटा देशांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात येतो. जोडीला सीमाशुल्क, मूल्यवर्धित कराचा हिस्सा आणि २०२१पासून पुनर्वापर न झालेल्या प्लास्टिक वेष्टनावर किलोमागे ८० सेंट. तुटीचा अर्थसंकल्प करता येत नाही. कोविडनंतर मात्र जुलै २०२०च्या चार दिवस चाललेल्या शिखर बैठकीत ७५० अब्ज युरोचं सामाईक कर्ज उभारायचं ठरलं. तोवर इतक्या प्रमाणावर असं कधीच झालं नव्हतं.

युरोचे व्याजदरही हेच लोक ठरवतात का?

नाही. ते फ्रँकफुर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते, फक्त युरो वापरणाऱ्या देशांसाठी. तिच्या नियामक मंडळात कार्यकारी मंडळाचे सहा सदस्य आणि त्या देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर असतात. गव्हर्नरांना मताचा हक्क आळीपाळीने मिळतो आणि तो देशाचा प्रतिनिधी म्हणून वापरायचा नसतो. सरकारांनी त्यांना सूचना देणं करारानेच वर्ज्य आहे.

सुरक्षा परिषदेचा नकाराधिकार कसा चालतो? तो ओलांडता येतो का?

१५ पैकी ९ मतं बाजूने हवीत आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणाचंही विरोधी मत नको. तटस्थ राहणं नकाराधिकार धरत नाहीत. १९५०मध्ये चीनची जागा कोणत्या सरकारला मिळावी या वादावरून सोव्हिएत संघाने बैठकांवर बहिष्कार टाकला होता. त्या काळात कोरियन युद्धासंबंधीचे ठराव मंजूर झाले. त्यानंतर बहिष्काराचं हत्यार सोव्हिएत संघाने पुन्हा तसं वापरलं नाही.

कार्यपद्धतीच्या प्रश्नांवर नकाराधिकार लागूच होत नाही. २५ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवरचा ठराव ११ मतं बाजूने असूनही रशियाच्या एका मताने पडला. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ होते. दोनच दिवसांनी आमसभेचं तातडीचं विशेष अधिवेशन बोलावण्याचा ठराव आला. रशियाने पुन्हा विरोध केला, पण विषय कार्यपद्धतीचा असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला. तो ठराव बंधनकारक नव्हता, ही त्या वाटेची मर्यादा.

आफ्रिकी संघ, आसियान, सार्क यांचं काय?

आफ्रिकी संघात ५५ सदस्य आहेत आणि सर्वसंमती झाली नाही तर दोन तृतीयांश मतांनी निर्णय घेता येतो. वंशसंहारासारख्या प्रसंगी सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा हक्क त्याच्या घटनेत लिहिलेला आहे, जो युरोपीय संघाकडेही नाही. पण डिसेंबर २०१५मध्ये बुरुंडीत सैन्य पाठवण्याचं ठरलं, बुरुंडीने नकार दिला आणि महिन्याभराने शिखर परिषदेने माघार घेतली. कागदावरचा अधिकार आणि तो वापरायची तयारी यांतलं अंतर इथे दिसतं.

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत सल्लामसलत आणि सर्वसंमती हाच नियम. जुलै २०१२मध्ये नॉम पेन्हला दक्षिण चीन समुद्रावरून मतभेद झाले आणि परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन पहिल्यांदाच निघू शकलं नाही. सार्कच्या सनदेत तर सगळे निर्णय एकमतानेच होतील आणि द्विपक्षीय, वादग्रस्त विषय चर्चेला येणार नाहीत अशी तरतूद आहे. नोव्हेंबर २०१४च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषद भरलेली नाही.

सदस्य देशाला बाहेर पडता येतं का? आणि हाकलता येतं का?

युरोपीय संघातून बाहेर पडता येतं, कराराच्या कलम ५० प्रमाणे. ब्रिटनने जून २०१६मध्ये सार्वमत घेतलं, २९ मार्च २०१७ला सूचना दिली आणि ३१ जानेवारी २०२०ला तो बाहेर पडला. सूचनेनंतर वाटाघाटीसाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत वाढवून द्यायला उरलेल्या सगळ्यांचं एकमत लागत होतं, त्यामुळे वाटाघाटीत वेळेचं बळ ब्रसेल्सकडे राहिलं. त्याआधी डेन्मार्कच्या राज्यातलं ग्रीनलँड १९८५मध्ये बाहेर पडलं होतं.

हाकलण्याची तरतूद नाही. कलम ७ खाली मताधिकार गोठवता येतो, पण त्याआधी मूल्यांचा गंभीर भंग झाल्याचं इतर सर्व देशांनी एकमताने ठरवावं लागतं. दोन देश एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले की कलम निकामी. पोलंड आणि हंगेरी यांनी बराच काळ तेच केलं.

२४ अधिकृत भाषांत कारभार चालतो तरी कसा?

संसदेत खासदार स्वतःच्या भाषेत बोलतो आणि दुभाषे ते लगेच इतर भाषांत सांगतात. कायद्याचा मजकूर प्रत्येक भाषेत सारखाच अधिकृत असतो, त्यामुळे वाद झाला तर न्यायालय सगळ्या आवृत्त्या ताडून पाहतं. ब्रिटन गेल्यावरही इंग्रजी अधिकृत भाषा राहिली आहे.

सामान्य नागरिकाला या सगळ्यात हात घालता येतो का?

संघाच्या किमान सात देशांतून दहा लाख सह्या जमवल्या तर आयोगाला त्या मागणीची दखल घेऊन लेखी उत्तर द्यावं लागतं. मसुदा आणायचं बंधन मात्र नाही. ‘पाण्याचा हक्क’ या मोहिमेने १६ लाखांहून अधिक वैध सह्या मिळवल्या. आयोगाचं २०१४चं पहिलं उत्तर मोघम होतं. मोहिमेच्या लोकांनी पाठपुरावा सोडला नाही आणि डिसेंबर २०२०मध्ये पिण्याच्या पाण्याविषयीचा सुधारित कायदा झाला. पाण्यापासून वंचित असलेल्या गटांपर्यंत ते पोचवण्यासाठी देशांनी पावलं उचलावीत, हे त्यात आलं. पाणीपुरवठा खासगीकरणाच्या नियमांतून कायमचा वगळावा ही त्यांची मोठी मागणी त्यात आली नाही.